पाहुण्यांनी उभं राहावं

सूचना वाचून झाल्या की चष्मा कपाळावर सरकवून
सेक्रेटरी शिरसाठ म्हणतात,
आज आपल्यात कुणी पाहुणे असतील
तर त्यांनी कृपया उभं राहावं.

पहिल्या रविवारी मी उभा राहिलो होतो.
नाव सांगितलं, अंबादास वडनाल.
मागून कुणीतरी विचारलं, कुठनं आलाव?
म्हटलं, इथनंच. अशोक चौकातनं. चालत.
लोक हसले, टाळ्या वाजवल्या.
नऊ वर्षं झाली त्याला.

मी बसतो ते बाक खांबामागं आहे.
पुढची बाकं कुणाची, असं कुठं लिहिलेलं नाही,
पण उजवीकडचं दुसरं शिरसाठांचं,
त्यामागचं मिशन दवाखान्यातल्या रणभिसेबाईंचं,
आणि त्यामागं कडेची जागा रूपवते मास्तरांची.
मास्तर वारले, तरी ती कुणी घेत नाही.
मेलेल्या माणसालाही इथं बसायला जागा आहे.
हे मी वाकडेपणानं म्हणत नाही.

गीत सुरू झालं की सगळे पुस्तकात न बघता म्हणतात.
मी नंबर ऐकतो, पान शोधतो,
सापडेपर्यंत आमेन.
डोळे मिटून हे पित्या म्हणायला जावं
तर तोंडातून निघतं प्रभुवा,
आईची तेलुगू,
विडीच्या पानांवर कात्री चालवतानाची.

आई म्हणते, तू गेलास.
नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ गल्लीच्या तोंडाशी आला
तेव्हा तिनं माझ्या वाटणीचं जानवं खिळ्याला अडकवलं.
अजून तिथंच आहे, धूळ खात.
इथले म्हणतात, येशील हळूहळू.
घरातून गेलेला, इथं न पोचलेला,
आणि अंतर तर पंधरा मिनिटांचं.

कापणीच्या सणाला सगळे शेतातलं आणतात.
ज्यांना शेत नाही ते मंडईतून भोपळा आणतात.
मी टॉवेल नेला.
माझ्या मागावरचा, निळ्या काठाचा.
एका जागी धागा तुटला होता, गाठ मारली होती.
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते.
लिलावात कोंबडा साडेआठशेला गेला,
लिंबांची पाटी दोनशेला.
टॉवेल वर धरून शिरसाठ म्हणाले,
अहो, सोलापुरात टॉवेल विकत कोण घेतं!
मीही हसलो. खरंच होतं ते.
पाळकसाहेब म्हणाले, राहू द्या आत,
हात पुसायला होईल.

एप्रिलात शिरसाठांच्या नातवाचा बाप्तिस्मा.
पाणी पडताच पोर किंचाळलं
आणि पाळकांनी त्याचं डोकं टिपलं ते
निळ्या काठानं.
मी खांबाआडून मान काढली.
गाठ कुठल्या बाजूला होती?
टाळूला तर लागली नसेल?
एवढंच डोक्यात.
पोराचं नाव काय ठेवलं
ते माझं ऐकायचं राहिलं.

बाहेर आलो तर टॉवेल कठड्यावर वाळत घातलेला.
कुणाच्या तरी मुलानं तो उचलला,
तापलेल्या स्कूटरच्या सीटवर टाकला
आणि वर बसून गेला.
अंगावर ऊन घेत मी बघत राहिलो
टॉवेल नाही, माझं काम जाताना.

परवा नवे पाळक आले, नगरहून.
सूचनांचा कागद त्यांनीच हातात घेतला
आणि शेवटची ओळ वाचली,
पाहुण्यांनी उभं राहावं.
अर्धी बाकं वळून खांबाकडं बघू लागली.
मी बसून राहिलो.
सगळ्या मंडळीत उभे असे
ते एकटेच होते.

पंख्यासाठी त्या दिवशी मागं येऊन बसलेल्या रणभिसेबाईंनी
माझ्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत.
गीताचा नंबर झाला तसं
माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं,
बोट थुंकीनं ओलं करून पान काढून दिलं.

चुकीचं होतं.
मी तेच धरून उभा राहिलो, सगळ्यांबरोबर.